लाल तोंडाचं पिल्लू

नजफगड, दिल्लीच्या बाहेर
२४ जून १९७३

मामा, मामी,

दोघांच्या पायांवर डोकं. आसारामलाही राम राम, कारण हे पत्र ओट्यावर बसून तोच मोठ्यानं वाचणार. आसाराम, घसा साफ कर आणि दमानं वाच. मामा, तुम्ही मध्ये हुंकार देऊ नका, त्याची ओळ चुकते.

सांगायचं म्हणजे कॅप्टनसाहेबांची नोकरी सोडली. भिंगारहून त्यांच्याबरोबर दिल्लीला निघालो तेव्हा बंगल्यावर वरकाम म्हणाले होते. वरकाम म्हणजे बाईसाहेबांचं कुत्रं दिवसातून चार वेळा फिरवायचं. अकरा महिने फिरवलं. शेवटी शेवटी कुत्रं दमून बसायचं आणि मीच चालत राहायचो. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे, एका जागी माझ्या बुडाखाली इंगळ असतो.

आता कुट्टीसाहेब म्हणून केरळकडचे एक जण आहेत, त्यांच्याकडं लागलो. ते सातभाईंचा अभ्यास करतात. हसू नका. तेच आपले मातकट सातभाई, बांधावर दिवसभर कचाकचा भांडणारे. इथल्या शेतांतही तेच आहेत, आणि भांडतातही तसेच, फक्त दिल्लीत. आमचं काम असं की जाळी लावून ते धरायचे, पायांत रंगीत कडी घालायची, म्हणजे कोण कुठल्या कळपातला ते लांबून ओळखू येतं. पिसं उलटी करून उवा आणि गोचीड चिमट्यानं काढायचे, बाटलीत भरायचे. आणि घरटी हुडकून त्यांच्यासमोर बसायचं. ते बसणंच तेवढं जड जातं.

एक गंमत लिहितो. चातक आपण नुसता ऐकलेला. तो दिसतो कसा हे मला इथं कळलं. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. तो स्वतः घरटं करत नाही. नर मोठ्यानं ओरडत सातभाईंच्या पुढ्यात येतो, सगळे सातभाई त्याच्यामागं शिव्या देत धावतात, तेवढ्यात मादी त्यांच्या घरट्यात अंडं टाकून पसार. अंडंही सातभाईंच्या अंड्यासारखंच निळं, कुणाच्या बापाला ओळखू येणार नाही. आमच्याबरोबर धरमसिंग म्हणून इथलाच एक गडी आहे, तो सांगतो की ते परकं पिल्लू अंड्यातून आधी निघतं आणि घरच्या पिल्लांना पाठीवर घेऊन खाली ढकलून देतं. आणि हे येडे सातभाई त्यालाच भरवत बसतात! घरच्याचं खाऊन घरच्यालाच बाहेर. मला लई हसू आलं.

इकडं ऊन फार आहे. तिकडं पेरणी झाली का ते कळवा.

मच्छिंद्र


मिरजगाव
८ जुलै १९७३

मच्छिंद्र यास,

पत्र पोचले. बाजरी पेरून झाली आहे. उगवण बरी आहे.

तुझे पत्र मी ओट्यावर वाचले. ऐकायला शेजारचे श्रीमंतनाना व त्यांच्या घरची माणसे बसली होती. परक्या पिल्लाच्या मजकुरापर्यंत आलो तेव्हा वडील हुंकार द्यायचे थांबले. आई उठून चुलीकडे गेली. श्रीमंतनाना म्हणाले, "वाच ना पुढं, पोरानं चांगलं खुसखुशीत लिवलंय." मग मला पुढे वाचावे लागले.

मी सातवी पास आहे. तू चौथीतून शाळा सोडून पळालास. तरी तुला आडून बोलता येते हे मी आता मानले. आपल्या घरात पत्रात कोणी पाखराविषयी लिहीत नाही. माणसाविषयी लिहायला अवघड वाटले म्हणजेच पाखरू लिहितात.

विहिरीजवळचा दोन एकराचा तुकडा तुझ्या नावाने करावा असे वडिलांच्या मनात होते. पेरणी उरकल्यावर तलाठ्याकडे जायचे ठरले होते. हे तुला कोणी सांगितले ते लिही. आणि दुसरे असे की तू आम्हाला ढकलणार असे कळवले आहेस, की आम्ही तुला ढकलले असे? घरात दोन्ही अर्थ निघाले आहेत. तलाठ्याकडे जाणे तूर्त थांबवले आहे.

माझी छाती पावसाळ्यामुळे भरलेली आहे. बाकी ठीक.

आसाराम


नजफगड
१७ जुलै १९७३

आसाराम,

अरे, पाखरू म्हणजे पाखरू! पिसांचं, चोचीचं. मी अक्षरशः पाखराबद्दल लिहिलं. तुकड्याचं मला आत्ता तुझ्या पत्रातून कळलं. कुणी सांगणार होतं? माझ्याशी त्या घरातलं कोण काय बोलतं?

पण तू म्हणतोस तर आता माणसाबद्दलही लिहितो. आपल्या कलाबाईच्या लग्नात मी मांडवात पाणी वाढत होतो. नवरदेवाकडच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तुमी नवरीचे कोन?" मी म्हणालो, भाऊ. तू मागं उभा होतास. मला वाटलं नुसता उभा राहशील. तू म्हणालास, "आत्याचं पोरगं हाय. आमच्याकडंच असतं." गडी असतो, बैल असतो, तसं. म्हातारा म्हणाला, "आसं व्हय," आणि गार पाण्याचा तांब्या माझ्याकडनं न घेता तुझ्याकडनं घेतला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी भिंगारची एसटी धरली. मामीला वाटतं मी नोकरीसाठी गेलो. तिला तसंच वाटू दे.

तुकडा मला नको. तू त्यात काय पेरायचं ते पेर. कुट्टीसाहेब थंडीत आसामकडं जाणार आहेत, पाखरं बघायला. तिथवर आपली माती कुणाच्या चपलेलाही लागत नाही. मी जाईन म्हणतो. इथं तरी काय, सकाळी उठलो की वाटतं कुठंतरी जायचं राहिलंय, आणि कुठं ते आठवत नाही.

मच्छिंद्र


मिरजगावच्या शिवारातून
४ ऑगस्ट

मच्छिंद्रा,

मी तुझी मामी भागिरथी बोलते आन भिमाजी पोस्टमन लिवतो. आसारामला ठावं न्हाई. त्यो गावात गेलाय. भिमाजीची सायकल बांधावर हाय, त्यो बाभळीखाली बसून लिवतोय आन माझी भाकर खातोय. (भाकर आग्रहाने दिली. मी मागितली नव्हती. — भिमाजी.)

तुझं दुसरं पत्र आसारामानं ओट्यावर न्हाई वाचलं. खिशात घातलं. मी धुताना काढलं आन भिमाजीकडनं वाचून घेतलं. लग्नातलं मला म्हाईत नव्हतं. त्याला मी अजून कायबी बोलले न्हाई. आदी तुला सांगते, मग त्याला इचारीन.

तुझी आई गेली तवा तू चार म्हयन्याचा. तुझ्या बापानं तुला धोतराच्या फडक्यात गुंडाळून आनलं, वसरीत ठिवलं, तांब्याभर पानी प्याला आन गेला. त्यानं दुसरी केली. आसाराम तवा सात म्हयन्याचा, माझ्या अंगावर. मी दोघांस्नी दोन्ही अंगाला घेतलं. तू वढून वढून प्यायचास. आसाराम उगी दोन घोट घ्यायचा आन झोपायचा. तू फुगलास, त्यो वाळला. त्याची छाती तवाधरनं अशी. सासूबाई मरस्तोवर म्हनत राहिल्या, परक्या पोरानं घरचं पोर वाळवलं. त्याच्याम्होरं म्हनायच्या. तू खळ्यावर हुंदडत असायचास, तुझ्या कानावर न्हाई आलं. त्याच्या कानावर रोज आलं.

आन तू पत्रात त्येच लिवलंस.

मी उठून चुलीकडं गेले ती रागानं न्हाई. सासूबाई पुन्यांदा बोलल्यावानी वाटलं, आन ह्या वक्ताला तुझ्या तोंडनं. (इथे बाई थांबल्या नाहीत, मी थांबलो. — भिमाजी.)

मला एकच सांग. त्या पिल्लानं घरच्याला ढकलल्यालं तू सवताच्या डोळ्यानं बघितलंस का? का त्या धरमसिंगाचं ऐकून लिवलंस? बघितलं नसंल तर बघ. बसून बघ. तुला बसायचं म्हंजी मरन. ल्हानपनी तुमा दोघांचं डोकं एका फनीनं इचरायची तर तुला तेवढाबी दम न्हाई निघायचा, आसारामाला सारून म्होरं बसायचास, "आदी माझं, आदी माझं." पन ह्या टायमाला बस. आन बघून लिव. जे आसंल त्ये लिव, मला बरं वाटावं म्हनून लिवू नगंस.

जेवतोस का.

भागिरथी (सही म्हणून अंगठा. शाई माझी. — भिमाजी.)


नजफगड
२७ ऑगस्ट १९७३

मामी,

उत्तराला उशीर झाला, कारण बसलो होतो.

तुझं पत्र आल्यावर पहिल्यांदा धरमसिंगला धरलं. म्हणालो, तू बघितलंस ढकलताना? म्हणाला, आजोबांनी सांगितलंय. आजोबांनी बघितलं होतं? म्हणाला, त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितलं. मग कुट्टीसाहेबांकडं गेलो. ते म्हणाले, कोकिळेच्या गोतावळ्यात काही जातींची पिल्लं ढकलतात, काहींची नाही. या जातीचं काय ते तू बघ आणि वहीत लिही, मी सांगणार नाही.

बाजरीच्या कडेला एका बाभळीवर घरटं मिळालं. माझ्या डोक्याच्या वर हातभर. समोर पाचटाचं खोपटं केलं आणि आत बसलो. पहिल्या दिवशी अकरा वेळा उठलो. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला चऱ्हाटानं खोडाला बांधायची तयारी दाखवली. चौथ्या दिवसापासून जमायला लागलं. आत तीन पिल्लं निघाली होती. दोन तोंडं आतून पिवळी, एक लाल. लाल ते चातकाचं.

सहाव्या दिवशी सकाळी एक पिवळं तोंड उघडेना. मान लोळत होती. मी खोपटातून ओरडतच बाहेर आलो, मारलं, त्यानंच मारलं. साहेब शिडी लावून चढले, मेलेलं पिल्लू हातावर उलटं केलं. त्याच्या कातडीखाली गाठी होत्या. चिमट्यानं दाबलं तर गाठीतून अळी निघाली. एका पिल्लात सात. एक माशी असते, ती घरट्यात अंडी घालते, तिच्या अळ्या पिल्लाच्या अंगात शिरून रक्त पितात. चोर तिसराच होता मामी, आणि मी ओरडून नाव भलत्याचं घेतलं.

उरलेल्या पिवळ्याच्या अंगात तीन होत्या, लालच्या पंखाखाली दोन. साहेब म्हणाले, आपण फक्त बघायचं, हात घालायचा नाही. ते जेवायला गेल्यावर मी शिडी चढलो आणि पाचही काढल्या. साहेबांना सांगितलं. त्यांनी दोन दिवस शिडी आपल्या खोलीत ठेवली.

आता तू म्हणालीस तसं, जे आहे ते. लाल तोंडाचं जास्त ओरडतं आणि जास्त खातं. ओढून खातं. पिवळ्याच्या वाट्याचे नाकतोडेही कितीदा त्याच्याच घशात गेले, मी खुणा केल्यात वहीत. पिवळं बारीक राहिलं. हे खरं आहे. पण ढकललं नाही. चौदा दिवस मी डोळे ताणून बघितलं, एकदाही पाठ लावली नाही. गार वारा सुटला की दोघं एकमेकांच्या अंगात घुसून बसायची, कुणाचं डोकं कुणाचं ते कळायचं नाही. लाल आधी उडालं. पिवळं दोन दिवसांनी, पण उडालं. अजून दोघं त्याच कळपात आहेत आणि कळपातले आठही मोठे सातभाई दोघांना भरवतात.

आणखी एक. दुपारी हे सातभाई फांदीवर एकाला एक चिकटून बसतात आणि एकमेकांच्या डोक्यातले किडे काढतात. ज्याचं काढतात तो डोळे मिटून मान वाकडी करतो. आमच्याकडं निळ्या कड्याचा एक आहे, कळपातून फुटलेला, एकटाच हिंडतो. एका झाडावर टिकत नाही. परवा जाळ्यात आला. अंग स्वच्छ होतं, पण डोळ्यांभोवती, कानामागं, मानेवर गोचीडच गोचीड. चोच सगळीकडं पोचते, आपल्या डोक्यावर तेवढी पोचत नाही. साहेब म्हणाले, आकडा लिही. माझ्याच्यानं लिहवला नाही.

हे पत्र आसारामनंच वाचावं. पण ओट्यावर नको.

मच्छिंद्र


कार्ड, नजफगड
१४ सप्टेंबर

मामी, आसाराम,

अठरा दिवस झाले. पत्र पोचलं का नाही तेवढं तरी कळवा. भिमाजी, तू तरी.

इथलं काम एक ऑक्टोबरला संपतं. साहेब विचारतायत, आसामला येतोस का. बिछाना बांधून ठेवलाय. रोज हो म्हणायला तोंड उघडतो आणि टपालवाल्याच्या घंटीकडं कान लावतो. मंगळवारपर्यंत, नाहीतर त्याच्या पुढच्या मंगळवारपर्यंत वाट बघीन. मग जाईन.

मच्छिंद्र


मिरजगाव
१९ सप्टेंबर १९७३

मच्छिंद्र यास,

तुझे पत्र व कार्ड दोन्ही पोचले. उत्तर दिले नाही याचे कारण लिहितो.

२९ ऑगस्टला वडील बाजरी राखायचा माळा बांधताना वरून पडले. मांडीचे हाड मोडले. नगरला नेऊन प्लास्टर घातले. आता घरी आहेत, खाटेवर. हुंकार देतात. आईने तुला कळवू दिले नाही. म्हणाली, तो नोकरी टाकून पळत येईल, आणि आल्यावर कोणी काही बोलले तर पुन्हा जाईल, आणि मग कधीच येणार नाही. 'कोणी' म्हणजे मी.

लग्नातले तिने मला विचारले. मी म्हणालो, होय, तसे बोललो. ती भाकरी थापत राहिली. बोलली असती तर बरे झाले असते.

तुझे मोठे पत्र मी माळ्यावर वाचले. एकट्याने. वडिलांच्या जागी आता मी माळ्यावर असतो. बाजरी दाण्यात आली आहे. चिमण्या आहेतच, आठ दिवसांपासून भोरड्याही उतरल्या आहेत, आभाळ काळे करतात. मी ओरडलो की खोकला येतो. चार वेळा गोफण फिरवली की बसावे लागते. बसलो की समोर आपली बोर दिसते.

बोरीत सातभाई आहेत. मी आधी कधी पाहिले नव्हते, म्हणजे पाहिले होते, बघितले नव्हते. त्यांच्यात दोन पिल्ले उडती झालेली आहेत. एक सातभाईसारखे. दुसरे निराळे. पाठ काळपट, पोट पिवळट, डोक्यावर आखूड शेंडी. तोंड उघडले की आत लाल.

पहिल्या दिवशी मी गोफणीत दगड भरून धरला होता. बोर जवळ आहे, तिथवर माझा दगड जातो. खोटे लिहीत नाही.

मग म्हटले, तू चौदा दिवस बसलास, आपण एक दिवस बसू. तीन दिवस बसलो. ते जास्त ओरडते. जास्त खाते. तू लिहिले तसेच. पण काल दुपारी शिकरा आला. सगळे सातभाई कालवा करत त्याच्या अंगावर गेले. ही दोन पिल्ले फांदीवर मागे राहिली. निराळ्याने आपले अंग फुगवून घरच्याला चिकटून घेतले. त्याला भीती वाटली म्हणून चिकटले असेल. पण घरचेही सरकले नाही. तसेच बसून राहिले. नंतर मोठे परत आले आणि दोघांची डोकी टोचून टोचून साफ केली.

ते कोणाचे आहे हे त्याला माहीत नसावे. शेजारच्यालाही माहीत नसावे. मला कोणी विचारले असते तर मी काय सांगितले असते याचा माळ्यावर विचार केला. आमच्याकडेच असते, एवढेच सांगितले असते. तेच शब्द मी मांडवात वापरले होते. तिथे ते वाईट वाजले.

आजीचे बोलणे मी लहानपणापासून ऐकले. छाती भरली की ती आठवते. पण अळ्यांचे तू लिहिलेस ते मी दोनदा वाचले.

आईने जुनी फणी हुडकून काढली आहे. दोन दात पडलेत. का काढली विचारले तर म्हणते, सहज.

तलाठी पुढच्या आठवड्यात गावात आहे. वडिलांना खाटेवरून हलता येत नाही, म्हणून त्यालाच घरी बोलावले आहे. ज्याच्या नावाने करायचे तो हजर असला तर बरे, असे तो म्हणतो.

पाखरे फार झाली आहेत. पूर्वेच्या बांधापर्यंत माझा दगड जात नाही. तुझा जायचा. हे तुला बोलवायला लिहिलेले नाही. पाखरांविषयी लिहिले आहे.

आसाराम


कार्ड, नगर एसटी स्टँड
२६ सप्टेंबर, सकाळ

मामी,

आपल्या कर्जतच्या गाडीला अजून दोन तास आहेत आणि समोर पोस्टाची पेटी आहे, म्हणून लिहितो. हे कार्ड पोचायच्या आत मीच पोचेन, म्हणजे भिमाजीला ते माझ्याच हातात द्यावं लागेल. त्याला भाकर वाढ.

कुट्टीसाहेबांना आसामला नाही म्हणालो. निघताना निळ्या कड्याचा बाजरीतनं उडताना दिसला. एकटाच होता. पुढचं बघितलं नाही, गाडी निघाली.

आसारामला सांग, पत्रातलं पाखरू कळलं. त्याला माळ्यावरून उतरव, पूर्वेचा बांध मी बघतो. तुकड्याचं नंतर बसून बोलू, तो, मी आणि मामा.

आणि मामी, फणी घेऊन ओट्यावर बस. आधी आसारामचं डोकं बघ. सावकाश बघ. मी बसतो तोवर.

मच्छिंद्र